काटा मधोमध आहे म्हणून निवांत बसू नका

घरचं गॅरेज : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या २००३ च्या ३२५आयचा, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ई४६ बॉडीवाल्या थ्री सिरीजचा, फुटलेला कूलंट टँक सोसायटीच्या पार्किंगमध्ये कसा बदलला ते लिहिलं होतं. त्यावर एवढे मेल आले की संपादक म्हणाले या वेळी लेख नको, उत्तरंच द्या. सगळ्यांना पुरणं शक्य नाही, त्यामुळे ज्या प्रश्नात इतरांनाही काही सापडेल असे निवडलेत. आणि "घरी करू का गॅरेजला देऊ" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारलाय, त्याचं एक उत्तर नाहीये, कामाप्रमाणे खाली येईलच.

प्रश्न : नमस्कार दादा. माझी २००४ ची ई४६ ३२५आय आहे, फक्त ९२,००० किमी झालेत, सेकंड ओनर. दर महिन्याला कपभर कूलंट कमी होतं. खाली डाग नाही, टेम्परेचरचा काटा कायम मधोमध. मेकॅनिक म्हणतो टॉप-अप करत राहा, जर्मन गाडी आहे, काही होत नाही. तुमचं मत काय?
(कोथरूड, पुणे)

दादा, तुमच्या पत्रातला "फक्त" हा शब्द पहिले खोडून टाका. या गाड्यांचं लोखंड किलोमीटरवर झिजतं हे खरं, पण प्लास्टिक आणि रबर वर्षांवर मरतं, आणि तुमच्या गाडीचं अख्खं कूलिंग प्लास्टिकच आहे. एक्सपान्शन टँक, रेडिएटरची तोंडं, थर्मोस्टॅटचं हाऊसिंग, होजच्या टोकाचे कपलिंग, सगळं. वीस वर्षं गरम-गार गरम-गार झालेलं प्लास्टिक नखाने टोकरलं तरी तुकडा निघतो, मी काढून बघितलाय.

आता काट्याबद्दल. ई४६ चा टेम्परेचरचा काटा खरं तापमान दाखवतच नाही. साधारण ७५ ते ११५ डिग्रीच्या मध्ये कुठेही असलात तरी तो मधोमध उभा राहील असा मुद्दाम बसवलाय, का तर काटा जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठायचं. म्हणजे तो मधून हलला ना की समजा उशीर झाला. आणि तुमच्या एम५४ इंजिनचा ब्लॉकही अॅल्युमिनियमचा आणि हेडही अॅल्युमिनियमचं, एकदा नीट तापलं की हेड वाकतं आणि त्याहून वाईट म्हणजे हेडबोल्टचे ब्लॉकमधले आटेच सुटून येतात, मग बोल्ट नुसता गोल गोल फिरतो. तिथून पुढचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो, त्यामुळे "टॉप-अप करत राहा" हा सल्ला ज्याने दिला त्याच्याकडे परत जायची गरज नाही.

पहिले एक स्वस्त काम करा. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र, घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि मोबाईलवर खरं कूलंट टेम्परेचर बघत आठवडाभर गाडी चालवा. नव्वदीत ते शंभरच्या आसपास राहिलं तर ठीक. सिग्नलला उभं राहिल्यावर ते चढतच चाललंय असं दिसलं तर एसी बंद करा, हीटर फुल करा आणि घरी या. डाग दिसत नाही म्हणालात, तर टँकची जोडलेली शिवण आणि टँकच्या खालचा भाग टॉर्चने बघा, कूलंट गरम इंजिनवर बारीक फवाऱ्यासारखं उडतं आणि वाळून पांढरट पावडर राहते, जमिनीवर थेंब पडायची वाट बघू नका.

बदलायचं तर एकेक नको, संच बदला. टँक, झाकण, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, वरचा आणि खालचा होज, आणि रेडिएटर मूळचा असेल तर तोही. लोक म्हणतात एवढं कशाला, गळतंय तेवढंच बदलू, आणि मग सहा महिन्यांनी उरलेल्यातलं सगळ्यात कच्चं असतं ते जातं, कारण नवीन टँकमुळे प्रेशर परत पूर्ण बसायला लागतं. पार्ट मागवताना चासी नंबरचे शेवटचे सात अंक पार्ट कॅटलॉगमध्ये टाकून अकरा आकडी पार्ट नंबर काढा आणि तोच नंबर दुकानदाराला द्या, "ई४६ चा टँक" एवढं सांगू नका, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे वेगळे असतात. डब्यावर बीएमडब्ल्यूचा छाप हवाच असं नाही. बेअर, माले, लेमफर्डर, एलरिंग ही मंडळी मूळ कंपनीलाच माल देणारी, काही पार्टवर तर बीएमडब्ल्यूचं चिन्ह घासून काढल्याची खूण स्पष्ट दिसते, तोच पार्ट कमी पैशात. बिननावाची कॉपी मात्र कूलिंगला लावू नका, इतर कुठे लावायची तर लावा.

काम एका रविवारचं आहे. इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली, "तासाभरापूर्वी बंद केली" वाली नाही. मॅन्युअल गिअरची असेल तर बेल्टवरचा फॅन असतो, त्याचा ३२ चा नट उलट्या आट्यांचा आहे, हे विसरलात तर अर्धा दिवस तो घट्टच करत बसाल. भरताना निळं, फॉस्फेट आणि नायट्राईट नसलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, एकूण आठ-साडेआठ लिटर, नळाचं पाणी अजिबात नाही. हवा काढायला इंजिन चालू करायचं नाही, नुसती चावी ऑनला, हीटर सगळ्यात गरमवर, फॅन सगळ्यात कमीवर, म्हणजे हीटरचा व्हॉल्व्ह उघडतो. मग टँकवरचा ब्लीडचा स्क्रू सैल करून हळूहळू ओतत राहायचं, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू बंद. तो स्क्रू प्लास्टिकचा आहे. मी स्क्रूड्रायव्हरने "अजून थोडं" म्हणून पिळला आणि अर्धा आत राहिला, नव्याकोऱ्या टँकमध्ये, संध्याकाळी सात वाजता. हाताला लागला की थांबा.

प्रश्न : मी गेली सहा वर्षं म्युनिकला आहे. १९९६ ची बीएमडब्ल्यू ई३६ ३२८आय घेतलीये, बऱ्यापैकी गंज नसलेली. आमचा घरमालक तळघरातल्या पार्किंगमध्ये पाना काढला तरी चिडतो. इथे घरी काम करणारे लोक करतात कुठे? आणि तीस वर्षं झाली की ओल्डटायमरची (जतन केलेल्या जुन्या गाड्यांची) एच नंबरप्लेट घेण्यात फायदा आहे का?
(म्युनिक, जर्मनी)

घरमालकाशी भांडू नका, तो बहुधा करारावर बोट ठेवून बरोबरच निघेल. तुमच्याकडे आमच्याकडे नाही अशी एक सोय आहे, मीटवेर्कश्टाट, काही ठिकाणी झेल्प्स्टहिल्फेवेर्कश्टाट म्हणतात. तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते, हत्यारं मिळतात, आणि अडलात तर शेजारच्या लिफ्टवरचा कोणीतरी आजोबा येऊन सांगून जातो. आम्ही इथे पेव्हर ब्लॉकवर जॅक लावून पाठीवर सरपटतो, तुम्ही उभ्याने काम करणार, जरा लाज वाटू द्या. फक्त जायच्या आधी सगळे पार्ट हातात असू द्या, कारण गाडी लिफ्टवर उघडी आणि एक गॅस्केट कमी, की तासाचं मीटर पळतच असतं. गाळलेलं जुनं ऑइल ज्या दुकानातून नवं घेतलं त्यालाच परत द्या, जेवढं विकलं तेवढं जुनं फुकट घ्यायचं बंधन तिकडे विक्रेत्यावर आहे, पावती तेवढी सांभाळा.

आता एच प्लेट. हिशोब करू. एच प्लेटला गाडीकर सरसकट वर्षाला १९१.७३ युरो. तुमची २.८ लिटर, प्रदूषणाच्या युरो २ वर्गात नोंदलेली असेल तर दर १०० सीसीला ७.३६ युरो, म्हणजे २८ गुणिले ते, साधारण २०६ युरो. वाचले किती, १४-१५ युरो, दोन पिझ्झे पण येणार नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाली पेट्रोल गाडी असल्याने शहरातल्या एनव्हायर्नमेंट झोनचं हिरवं स्टिकर तुम्हाला तसंही मिळतं. म्हणजे करासाठी घेऊ नका, घ्यायची तर इन्शुरन्सवाल्याला ओल्डटायमरचा वेगळा दर विचारून मग ठरवा. आणि घ्यायची असेल तर आत्तापासूनच गाडीला मॉडर्न अलॉय, एलईडी हेडलाईट असले प्रकार लावू नका, तपासणारा माणूस गाडी त्या काळातल्यासारखी आहे का हेच बघतो. दर दोन वर्षांची ट्यूव्हची, म्हणजे गाडीच्या फिटनेसची, तपासणी एच प्लेटनेही सुटत नाही. जॅक लावायच्या जागा आणि मागच्या शॉकअपचे माउंट गंजासाठी टोकरून बघा, ई३६ तिथेच आतून खाते, बाहेरून चकाचक.

प्रश्न : सर, सर्व्हिस इंडिकेटर २५,००० किमीला ऑइल बदला सांगतो. खरंच एवढं चालतं का?
(नागपूर)

इंडिकेटर ज्याने बनवला त्याने गाडी वॉरंटीभर टिकवायची ठरवली होती, तुम्हाला त्यापुढची वर्षं टिकवायचीये. मी १०,००० किंवा वर्ष, जे आधी येईल ते. गाडी कोणती ते लिहिलं नाहीत, एम५४ इंजिन धरून सांगतो, त्याला साडेसहा लिटर लागतं, चार लिटरचा एक कॅन आणून बसू नका. एलएल-०१ (बीएमडब्ल्यूचं ऑइलचं स्पेक) लिहिलेलं ५डब्ल्यू-३० चांगलं, नागपूरच्या मे महिन्यात त्याच स्पेकचं ५डब्ल्यू-४० घातलं तरी बिघडत नाही. फिल्टर वरून निघतो, ३६ ची गोटी लागते, झाकणाची ओ रिंग फिल्टरच्या डब्यातच येते ती बदला, झाकण २५ न्यूटन मीटर, खालचं बूचही तेवढंच, नवीन वॉशर लावून.

प्रश्न : काका, ९० च्या वर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. दोन वेळा डिस्क बदलून झाल्या, दोन-तीन हजार किमी बरं वाटतं, मग परत तेच. ई४६ ३२०आय. आता पैसे आणि धीर दोन्ही संपत आलंय.
(नाशिक)

डिस्कचा बिचारीचा दोष नाहीये. पुढच्या चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचं मागचं रबरी बुश गेलंय, पैज लावतो. हे बुश लॉलीपॉपसारख्या दिसणाऱ्या ब्रॅकेटमध्ये बसलेलं असतं, आत द्रव भरलेलं असतं, रबर फाटलं की ते गळून जातं आणि मग ब्रेक लावला की चाक आर्मसकट मागे-पुढे नाचतं. नवीन डिस्क लावल्यावर जरा वेळ बरं वाटतं कारण थरथर सुरू करणारा बारीकसा धक्का कमी होतो, पण तो वाढवणारं बुश तसंच आहे. नाशिक-मुंबई रस्त्याचे खड्डे खाल्लेल्या गाडीत वीस वर्षांनी मूळ बुश जिवंत असेल असं मला वाटत नाही. गाडी स्टँडवर घ्या, बुशच्या खालच्या बाजूला तेलकट ओघळ आहे का बघा, लांब सळईने आर्म ढकलून बघा, नुसता बोटाएवढा हलला तरी झालं.

बदलायला पुलर लागतो, भाड्याने मिळत नसेल तर आर्म आणि ब्रॅकेट काढून प्रेसवाल्याकडे न्या, तो पाच मिनिटांत करतो. ब्रॅकेटवर आणि बुशवर खूण असते ती समोरासमोर यायला हवी, हे त्या प्रेसवाल्याला माहीत नसतं, तुम्ही उभं राहून सांगायचं. आर्मवर चढवताना ग्रीस लावू नका, साबणाचं पाणी लावा, आणि मुख्य गंमत इथे आहे, चढवल्यावर अर्ध्या तासाच्या आत गाडी चाकांवर खाली उतरवायची. का, तर साबणाचं पाणी वाळलं की रबर आर्मला धरतं, आणि गाडी हवेत लटकलेली असताना धरलं तर ते कायमचं पीळ पडलेलं राहतं, मग सहा महिन्यांत परत फाटणार आणि तुम्ही पार्टला शिव्या देणार.

दोन गोष्टी अजून. डिस्क जिथे हबवर टेकते तो गंज वायर ब्रशने साफ करा. आणि पंक्चरवाल्याला चाकाचे बोल्ट गनने ठोकू देऊ नका, हाताने लावून मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, समोरासमोरचे आलटून पालटून.

प्रश्न : पावसाळ्यात डाव्या बाजूचं कार्पेट ओलं होतं, गाडीत कुबट वास. काच आणि दाराचे रबर नवीन टाकले तरी फरक नाही. सनरूफ आहे.
(चिपळूण)

चिपळूणचा पाऊस म्हणजे गाडीची तोंडी परीक्षा. रबर बदलायच्या आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. सनरूफ हे पाणी अडवायला नसतंच, थोडं पाणी आत येणार हे धरूनच खाली पन्हळ असते आणि चार कोपऱ्यांतून चार नळ्या उतरतात, पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबांतून आणि मागच्या दोन डिक्कीच्या बाजूने. त्यात धूळ, पानं आणि तुमच्याकडे तर शेवाळही बसतं. सनरूफ उघडून कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूच ओता आणि खाली कुठून पडतं ते कोणाला तरी बघायला सांगा. पडलं नाही तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार आत सरकवा. हवेचं प्रेशर मारू नका, नळी आतल्या बाजूला निसटते आणि मग सगळं पाणी थेट गाडीत, हे मी मित्राच्या गाडीत करून दाखवलेलं आहे, मैत्री टिकली हे नशीब.

नळ्या साफ निघाल्या तर दाराचं पॅनल काढा. आत फोमची शीट काळ्या चिकट ब्यूटाईलने चिकटवलेली असते, स्पीकर लावणाऱ्याने किंवा पॉवर विंडो दुरुस्त करणाऱ्याने ती उचकटून तशीच सोडलेली असते. ई४६ मध्ये काच वर-खाली करायची यंत्रणा इतक्या वेळा तुटते की बहुतेक गाड्यांचं दार कोणी ना कोणी उघडलेलंच असतं. काचेवरून दाराच्या पोटात उतरलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं, शीट सुटली की ते कार्पेटवर येतं. ब्यूटाईलची टेप मिळते, जुनी खरवडून नवीन लावा, बोटाने पूर्ण कडेने दाबत जा. आणि कार्पेट वरून वाळलं म्हणून खूश होऊ नका, खालचा जाड फोम महिना-महिना ओला राहतो आणि वायरिंगचे जोड त्याच्याच खाली आहेत. सीट काढा, कार्पेट उचला, खाली पंखा लावा.

प्रश्न : दादा, तुमच्या सदरात स्पोर्ट्स सेडानच असतात हे माहितीये, तरी विचारते. बाबांची मर्सिडीज ई२२० आहे, डब्ल्यू१२४ बॉडीची, पुण्यात जोडलेली पहिल्या बॅचमधली असं ते अभिमानाने सांगायचे. ते गेल्यापासून चार वर्षं उभी होती. आता चालू होते पण मिसफायर करते, कधी आपोआप आयडल वाढतो. विकायची नाहीये.
(कोल्हापूर)

ताई, डब्ल्यू१२४ ला या सदरात कधीही जागा आहे. याच गाडीचा पाच लिटरचा व्ही८ भाऊ, ५००ई, झुफेनहाउझेनला पोर्शेच्या कारखान्यात जोडला जायचा, तेव्हा घराणं स्पोर्ट्सचंच आहे. आणि बाबांचा अभिमान खरा, १९९५ साली टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीच्या आवारात मर्सिडीज जोडायला सुरुवात झाली ती याच गाडीने.

तुम्ही सांगताय ती लक्षणं वाचून माझा संशय इंजिनच्या वायरिंगवर आहे. साधारण ९२ ते ९५ च्या काळातल्या मर्सिडीजच्या इंजिन हार्नेसचं, म्हणजे तारांच्या जुडग्याचं, इन्शुलेशन असं होतं की उष्णतेने ते बिस्किटासारखं चुरा होतं. वरचं आवरण ठीक दिसतं, आतल्या तारा उघड्या पडून एकमेकींना लागतात, कधी मिसफायर, कधी आयडल वर, आणि नशीब फारच वाईट असेल तर कंट्रोल युनिट जळतं. म्हणून आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि वायरिंगचा निकाल लागेपर्यंत गाडी चालू करू नका, "बघू जरा" म्हणूनही नको. इंजिनच्या कोणत्याही सेन्सरजवळ काळं आवरण बोटभर मागे सरकवा आणि एक तार हलकेच वाकवा, साल निघाली तर निदान झालं. हार्नेसवर तारखेची पट्टी असते तीही बघा, मधल्या काळात कोणी बदललं असेल तर तिथे कळेल. थ्रॉटल अॅक्च्युएटरच्या (इंजिनची हवा कमी-जास्त करणाऱ्या मोटरच्या) तारांनाही हाच आजार होतो, तो लोक विसरतात.

नवीन हार्नेस मिळालं तर उत्तम, नाही तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन जुने कनेक्टर ठेवून उष्णता सहन करणारी तार वापरून पूर्ण नवीन बांधून देतो. कोल्हापुरात असे हात आहेत, ट्रॅक्टर आणि ऊसतोड मशीनवर तयार झालेले, त्यांच्या कामाला मी कधी नाव ठेवणार नाही. तुमचं घरचं काम एवढंच, काढायच्या आधी प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावायचा आणि फोटो काढायचे, भरपूर, प्रत्येक वळणाचे. आणि चार वर्षांचं टाकीतलं पेट्रोल काढून टाका, ब्रेक ऑइल बदला, टायरची तारीख बघा. मग पहिली फेरी माझ्याकडून जोतिबाला.

प्रश्न : २००९ ची ३२०डी, ई९०, चेन्नईची. सकाळी चालू केल्यावर मागच्या बाजूने साखळी घासल्यासारखा आवाज येतो. घरी काय करू शकतो?
(छत्रपती संभाजीनगर)

घरी एकच करू शकता, चावी काढून खिशात ठेवणं. तुमच्या एन४७ डिझेलची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे साखळी बदलायची म्हणजे गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिनच खाली. आणि ती तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भेटतात. फ्लॅटबेडवर घालून ज्याने हे काम आधी केलंय अशा माणसाकडे न्या, केलंय म्हणजे किती वेळा ते विचारा, आणि साखळीबरोबर गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट सगळं नवीन. टो करायचा खर्च वाटतो म्हणून "हळू चालवत नेतो" असं करू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत आहे, २००२ ची ई३९ ५३०आय, १,४०,००० मैल. थंडीत हजार मैलाला जवळजवळ एक क्वार्ट (साधारण लिटरभर) ऑइल पिते, झाकणाखाली पिवळी मलई दिसते. हेड गॅस्केट गेलं का? इथला मेकॅनिक तेच म्हणतोय आणि आकडा ऐकून मला घाम फुटला, तोही जानेवारीत.
(एडिसन, न्यू जर्सी)

थांबा, चेकबुक आत ठेवा. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळून मलई होते हे खरं, पण एम५४ ला थंडीत मलई दिसली म्हणजे ते गेलंच असं नाही. तुम्ही घर ते ट्रेन स्टेशन दहा मिनिटं गाडी चालवत असणार, इंजिन पूर्ण गरमच होत नाही, आतली वाफ निघून जात नाही आणि ऑइलमध्ये घुसळून तिचं ताक होतं. ते ताक जिथे साठतं ती वस्तू म्हणजे क्रँककेस व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह, तिकडे सीसीव्ही म्हणतात, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला. त्यातून गाळलेलं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून परत खाली जायचं असतं, ती वाट बारीक आहे, ती चोंदली की ऑइल सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं आणि जळतं. कडाक्याच्या थंडीत ते गोठलं तर एकदम भरपूर ऑइल सिलेंडरमध्ये जाऊन इंजिन लॉक झाल्याच्याही घटना आहेत, म्हणून चालढकल नको.

तपासायचं असं, इंजिन आयडलला असताना ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. जरा आत ओढली गेली तर ठीक, जोरात खेचली गेली तर व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय. कूलंट कमी होत नसेल आणि त्यात ऑइल दिसत नसेल तर गॅस्केटचा विषय तूर्त बाजूला. मात्र ऑइल पिण्याचं सगळं खापर सीसीव्हीवर फोडू नका, तीन लिटरच्या एम५४ च्या पिस्टन रिंगही याला हातभार लावतात.

व्हॉल्व्ह, त्याचे चारही होज आणि डिपस्टिकची नळी एकदमच बदला, तिकडच्या थंडीसाठी फोमचं आवरण असलेला प्रकार मिळतो तोच घ्या. काम कठीण नाही पण हात जात नाही, जुने होज हात लावला की तुटतात, पोरांसमोर करू नका, तोंडातून शब्द जातात. मॅनिफोल्ड उघडलाच आहे तर बाजूचा डिसा व्हॉल्व्ह (इनटेकमधल्या हवेची वाट बदलणारी झडप) काढून त्याची पाती हलवून बघा, खडखडत असेल तर बदला, त्याची पिन सुटून इंजिनने गिळलेली उदाहरणं आहेत. आणि रविवारी एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास हायवेला न्या.

प्रश्न : ई२० पेट्रोलने जुनी ई४६ खराब होईल का?
(पनवेल)

मॅन्युअलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालतं असं आहे, त्यामुळे २० कंपनीच्या हिशोबात नव्हतं हे धरून चाला. इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल महिन्यातून दोनदाच गाडी काढणाऱ्याला परवडतं, रोजच्या वापराला नाही. करता येण्यासारखं म्हणजे टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी फ्युएल होज नवीन, इथेनॉल चालेल असं छापलेले टाका, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, अर्धी नको, रिकाम्या जागेतली दमट हवा पाणी देते. स्कॅनरवर लीन मिक्स्चरचे (हवा जास्त, पेट्रोल कमी) कोड आले तर सगळा दोष पेट्रोलला देण्याआधी इनटेकचे होज फाटलेत का बघा. एका वाचकाने गळती शोधायला उदबत्तीचा धूर वापरू का विचारलंय. पेट्रोलच्या गाडीत पेटती उदबत्ती? नाही हो.

प्रश्न : तुमचा लेख वाचून आमच्या ह्यांनी १९९९ ची गाडी आणलीये. दर रविवारी सकाळपासून गाडीखाली, फक्त पाय दिसतात. मला गाडीतलं काही कळत नाही पण ती गाडी अंगावर पडणार नाही ना एवढं कसं ओळखायचं ते सांगा. आणि पार्किंगच्या फरशीवर तेलाचे डाग पडलेत, सोसायटीची नोटीस आलीये.
(डोंबिवली)

वहिनी, या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचाच. गाडीखाली डोकावून बघा, गाडी फक्त जॅकवर असेल, म्हणजे खाली एकच लोखंडी दांडा किंवा चाकावर सरकणारा एकच जॅक असेल, तर त्यांचे पाय धरून बाहेर ओढा, माझं नाव सांगा. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, त्याचं सील कधीही बसतं. दोन्ही बाजूंना दातेरी पिन असलेले जॅक स्टँड पाहिजेत, लाकडी ठोकळ्यावर किंवा विटांवर नाही, वीट एका क्षणात फुटते. स्टँड पेव्हर ब्लॉकवर असेल तर खाली जाड प्लायवूडचा तुकडा हवा, नाही तर ब्लॉक खचतो. उतरणीकडच्या चाकांना अडकण आणि काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवलेलं, म्हणजे सगळं फसलंच तरी गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही. खाली शिरायच्या आधी त्यांनी गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन बघायचा, तुमच्या समोर. आणि ते खाली असताना तासातून एकदा हाक मारा, चहाच्या निमित्ताने.

फरशीचा डाग ताजा असेल तर लाकडाचा भुसा, नसेल तर कोरडं सिमेंट पसरून चपलेने रगडा, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून कपडे धुवायची पावडर आणि गरम पाण्याने कडक ब्रशने घासा. जुना असेल तर दोन-तीन वेळा करावं लागेल. हे तुम्ही नाही, ज्यांनी पाडलाय त्यांनीच करायचं.